‘होऊन राहिलं’ म्हणजे नेमकं कुठं?

नागपुरात घराचा सौदा ठरला की पुढचे दोन-तीन महिने एकच वाक्य कानावर पडत राहतं. दलालाला फोन करा, बँकेच्या एजंटला करा, वकिलाच्या मुन्शीला करा. उत्तर ठरलेलं : “होऊन राहिलं ना भाऊ!” पुण्याकडचे पाहुणे या क्रियापदाला हसतात, पण त्यात बरंच काही मावतं. काम सुरू झालंय, संपलेलं नाही, आणि उद्या विचाराल तरी हेच ऐकायला मिळेल. फक्त कर्ता तेवढा त्यात नाही. कोण करून राहिलं? कुठल्या टेबलावर? रात्री दोन वाजता जाग येते ती बहुतेक या गायब कर्त्यामुळे.

इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिल्यापासून किल्ली हातात येईपर्यंतचा काळ लांबून एकसंध दिसतो. जवळ गेलं की कळतं, यात सहा-सात निरनिराळी थांबणी आहेत. काही एकामागून एक, काही शेजारी शेजारी चाललेली. वकिलाचा सर्च, जमीन ज्या कार्यालयाच्या हाताखाली आहे त्याचा कागद, बँकेचं लीगल, बँकेचं टेक्निकल, विक्रेत्याच्या जुन्या कर्जाचा निकाल, रजिस्ट्रीची तारीख आणि त्यानंतर फेरफार, म्हणजे सरकारी नोंदीत नाव बदलणं. प्रत्येकाचं टेबल वेगळं, अडायचं कारण वेगळं. आपण मात्र सगळ्याचं एकच गाठोडं बांधून डोक्यावर घेऊन फिरतो, आणि मग वकिलाकडे अडलेल्या कामासाठी बँकेतल्या पोरावर चिडतो.

पुढच्या तापाचं बी बहुतेक वेळा इसाराच्या दिवशीच पेरलं जातं. बैठक छान झालेली असते, तर्री-पोहा झालेला असतो, ५१ हजारांचा चेक दिला-घेतलेला असतो, आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकावर कुणीतरी लिहून टाकतं : “तीन महिन्यांत विक्रीपत्र करून देऊ.” तीन महिने कधीपासून? या इसारचिठ्ठीच्या तारखेपासून धरले तर विक्रेत्यानं कागद द्यायला लावलेले पन्नास दिवस घेणाऱ्याच्या खात्यातून जातात, आणि शेवटी मुदत संपल्याची धमकी त्यालाच ऐकावी लागते. म्हणून मुदत विक्रेत्यानं ठरलेली कागदपत्रं दिल्याच्या तारखेपासून मोजली जाईल असं लिहून घ्यावं, आणि ती कागदपत्रं कोणती, त्यांची यादी चिठ्ठीच्या पाठीशी जोडावी. बँकेनं कर्ज नाकारलं किंवा कमी दिलं तर इसार किती दिवसांत परत, विक्रेता फिरला तर काय, घरपट्टी-वीजबिल-मेंटेनन्सची जुनी बाकी कुणाची, ताबा रजिस्ट्रीच्या दिवशी की नंतर, हेही त्यातच. हे लिहायला वीस मिनिटं जास्त लागतात. वाईट वाटेल म्हणून लिहीत नाहीत लोक. नंतर वाटायचं ते वाटतंच.

रोखीचा आग्रह झाला तर एवढं माहीत असावं, की स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे विक्रेत्याला शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा चेकबुक निघतं. आणखी एक : इसारचिठ्ठीनं घर आपलं होत नाही. करार हा फक्त विक्रीपत्र मागण्याचा हक्क देतो, मालकी नोंदणीकृत विक्रीपत्रानंच येते. तोवर ‘आपलं घर’ हा शब्द जरा कमी वापरलेला बरा. पडदे शिवायला टाकू नयेत.

सर्चची वाट ही पहिली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कामाची. वकील ३० वर्षांची साखळी बघतो : कुणी कुणाला विकलं, कुठं गहाण पडलं, गहाण सुटलं का. अलीकडच्या वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, ऑनलाइन दिसतात. जुन्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली पुस्तकं उघडावी लागतात आणि त्यात दिवस जातात. त्याच सुमारास वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, सात ते पंधरा दिवसांची. तिचे दोन-तीन हजार वाचवणारे पुष्कळ आहेत, आणि ती काटकसर चुकीच्या जागची आहे. सूचना छापून आली की एखाद्या दुपारी वकिलाला फोन येतो : “मी त्यांची मोठी बहीण, यवतमाळहून बोलते. माझी सही कुणी घेतली नाही.” घेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खरं तर त्या क्षणी सूचनेचे पैसे फिटलेले असतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मुलांइतकाच झाला, तरी “ताईला काही नको हो” हे वाक्य घराघरात अजून चालतं. ताईला काही नको असेल तर ताईनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं किंवा विक्रीपत्रावर मान्यता म्हणून सही करावी. ताई अमेरिकेत असेल तर तिथून मुखत्यारपत्र येणार, ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागणार. हा महिना-दीड महिना धरूनच चालावं. इथं घाई करणारा दलाल आपला नसतो.

आता नागपूरची खास गोष्ट, आणि इथं जरा रेंगाळायला हवं. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला वाटतं प्लॉट म्हणजे प्लॉट. पण या शहरात दोन शेजारच्या प्लॉटांचं कुळ वेगळं असू शकतं. जुन्या महाल-इतवारीतल्या घराची आखीव पत्रिका असते. राज्यात इतरत्र ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, ते आपल्याकडे आखीव पत्रिका, शीट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबरासकट. तिच्यावर कित्येकदा अजून आजोबांचंच नाव असतं. सिव्हिल लाइन्ससारख्या भागात नझूलची जमीन निघते, म्हणजे सरकारी पट्टा. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण, शर्तभंग आहे का, हे सगळं आधी बघावं लागतं. नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) १९३६ च्या कायद्यानं आली, तिचे लीजचे प्लॉट वेगळे : ३० वर्षांचा पट्टा, भूभाटक म्हणजे जमिनीचं भाडं, आणि हस्तांतरणाला नासुप्रची परवानगी. भूभाटक थकलं असेल तर ते भरल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही, आणि किती थकलंय हे विक्रेत्याला सहसा पाठ नसतं.

मग येतात मानेवाडा, हुडकेश्वर, नरसाळ्याकडचे लेआउट. शेतजमिनीचे तुकडे पाडून, कधी सोसायटीच्या नावानं, कधी नुसत्या कब्जापत्रावर विकलेले. ते नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. अशा नियमित करायला घेतलेल्या लेआउटांच्या दोन गटांच्या संख्येवरून नागपूरच्या बोलीला दोन आकडे मिळाले, ५७२ आणि १९००. “आमचा लेआउट १९०० मधला हाय” असं इथं गोत्र सांगावं तसं सांगतात. नियमित झालेल्या प्लॉटचं पत्र म्हणजे आरएल. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला अर्जाची वाट मोकळी झाली. पण “आरएल आहे” आणि “आरएलला टाकलं आहे” या दोन वाक्यांत कधीकधी वर्षं असतात. पहिलं ऐकू आलं तर पत्र मागावं. दुसरं ऐकू आलं तर डिमांड, म्हणजे शुल्काची मागणी, निघाली का, विकास शुल्क भरलं का, पावती कुठंय, एवढं विचारावं. पत्र हातात आलं की ते विक्रीपत्राला खेटून ठेवून वाचावं. मौजा (गाव), खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर), प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, नाव. क्षेत्र आरएलमध्ये १३९.३५ चौरस मीटर आणि विक्रीपत्रात १५०० चौरस फूट असेल तर बरोबर, दोन्ही एकच. आरएलमध्ये १३५ असेल तर ती पंधरावीस चौरस मीटरची नव्हे, ४.३५ चौरस मीटरची भानगड आहे. पण बँकेच्या वकिलाला तेवढी पुरते. आरएल जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची प्रत्येक रजिस्ट्री साखळीत हवी. शहराबाहेर बेसा-बेलतरोडीच्या पुढं गेलात तर २०१७ पासून एनएमआरडीएचं (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं) राज्य सुरू होतं, तिथं मंजूर नकाशा आणि अकृषक कुणाच्या शिक्क्याचं आहे ते बघायचं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं तर थांबायचं आणि परवानगीचा कागद मागायचा.

हे सगळं वाचून घाबरायचं कारण नाही. उलट, ‘नासुप्रमध्ये अडलंय’ हे वाक्य ‘भूभाटकाची बाकी भरायची आहे, पावती लागली की हस्तांतरणाचा अर्ज पुढं जाईल’ असं झालं की त्याच दिवशी झोप लागते. काम तेवढंच राहिलेलं असतं. त्याला फक्त नाव मिळालेलं असतं.

फ्लॅट घेणाऱ्याची गत थोडी निराळी. नागपूरचा फ्लॅट बहुधा ‘स्कीम’मधला : ३ ते ५ हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर जुनं घर पाडून उभारलेले सहा-आठ फ्लॅट, खाली पार्किंग. विक्रीपत्रात फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सगळ्या फ्लॅटांच्या टक्क्यांची बेरीज शंभर होते ना, हे एकदा स्कीमच्या घोषणापत्रात पाहावं. होत नसेल अशीही उदाहरणं निघतात. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठापेक्षा जास्त नसतील तर स्कीमला रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याखालची नोंदणी लागत नाही, म्हणजे महारेराच्या साइटवर ती सापडणार नाही, आणि न सापडणं हा आपोआप गुन्हाही नाही. नोंदणी असलेल्या प्रकल्पात मात्र करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही आणि ताबा लांबला तर व्याज मागता येतं. छोट्या स्कीममध्ये ती तारीख आपणच करारात भांडून लिहून घ्यायची.

बँक. इथला ताप बराचसा शब्दांचा. ‘सँक्शन झालं’ ऐकलं की घरात पेढे येतात, पण बहुतेक वेळा ती मंजुरी तुमच्या पगाराची आणि सिबिलची असते, घराची नव्हे. घराची परीक्षा नंतर : लीगल आणि टेक्निकल. लीगलमध्ये बँकेचा पॅनेलवरचा वकील पुन्हा सर्च काढतो. आपल्या वकिलानं काढलेला त्याला चालत नाही. दोन्हींचे पैसे आपलेच. टेक्निकलला एक माणूस येतो, लेझरनं खोल्या मोजतो, चार फोटो काढतो, चतुःसीमा विचारतो आणि वीस मिनिटांत जातो. त्या वीस मिनिटांत तो काय बघतो? मंजूर नकाशात बाल्कनी आहे, जागेवर ती बंद करून खोली झाली. नकाशात पार्किंग आहे, तिथं वॉचमनची खोली आणि किराणा दुकान. कागदात पूर्वेला ९ मीटर रस्ता, जागेवर पूर्वेला कुणाची भिंत. दोन मजल्यांची परवानगी, तिसरा आपला ‘होऊन गेला’. यातलं काही निघालं की तो तेवढा भाग मूल्यात धरत नाही, आणि मग आकड्यांचा खेळ सुरू होतो.

हा खेळ आधीच कागदावर खेळून ठेवावा. समजा सौदा ४५ लाखांचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. म्हणजे इथं जास्तीत जास्त ३६ लाख, आपले ९. टेक्निकलवाल्यानं मूल्य ४० लाख लावलं तर ३२ लाख. विक्रेता ४५ वरून हलणार नाही, म्हणजे आपले एकाएकी १३ झाले. वर मुद्रांक शुल्क : मूळ दर ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार, म्हणजे ३ लाखांच्या पुढं गेलंच समजा, नोंदणी फी ३० हजार, ती कमाल मर्यादा. हे सगळं कर्जात धरत नाहीत. शुल्क सौद्याच्या किमतीवर की रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या), तर जी जास्त तिच्यावर. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, तो विचार इसाराच्या आधीच करावा, कारण चिठ्ठीत नाव एक आणि विक्रीपत्रात दुसरं झालं की बँकेत पुन्हा नवा कागद. सौदा ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर घेणाऱ्यानंच विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून, कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांच्या आत भरायचा. विक्रेत्याला हे आधी सांगितलं नाही तर रजिस्ट्रीच्या टेबलावर, “पैसे कमी कसे?” म्हणून रामायण होतं.

त्यामुळं अशा सौद्यात ९ लाखांच्या जोडीला आणखी सात-आठ लाख कुठून येऊ शकतात, हे आधी ठरलेलं हवं. आणि एफडी एकदम मोडू नये. इसाराच्या दिवशी मोडलेली एफडी तीन महिने बचत खात्यात पडून राहते आणि तेवढं व्याज बुडतं. दोन-तीन तुकड्यांत ठेवावी, शेवटचा तुकडा मुद्रांकाचं चलन काढायच्या आठवड्यात मोडावा.

सगळ्यात जास्त घुसमट होते ती विक्रेत्याचंच कर्ज चालू असेल तेव्हा. त्याचे मूळ कागद त्याच्या बँकेत. त्याची बँक म्हणते पूर्ण पैसे आल्याशिवाय कागद नाही, आपली बँक म्हणते कागद पाहिल्याशिवाय पैसे नाही, आणि आपण मधे. वाट अशी असते : विक्रेता त्याच्या बँकेतून फोरक्लोजर लेटर काढतो (त्यावर एक तारीख आणि त्यापुढं रोजचं व्याज किती, हे छापलेलं असतं) आणि ताब्यात कोणकोणते कागद आहेत त्याची यादी. या दोन कागदांवर आपली बँक थेट त्याच्या बँकेच्या नावे चेक काढते. आपला हिस्सा विक्रेत्याच्या हातात न देता त्याच्या कर्ज खात्यात जाईल असं बघावं. पत्राची तारीख उलटली तर पुन्हा नवं पत्र, आणखी आठ दिवस. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२३ पासून घातलंय, उशिराला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. म्हणजे या थांबण्याला वरची हद्द आहे. हद्द ठाऊक असलेलं थांबणं आणि नसलेलं थांबणं यांत फरक असतो, तो दातदुखीच्या माणसाला विचारावा, ज्याला डॉक्टरची वेळ मिळालीय.

बरं, हे सगळं टेबलाटेबलांवर चाललेलं असताना माणसानं करायचं काय? दिवसातून पाच फोन करू नयेत, हे तर उघड आहे. पाचव्या फोनला समोरचा उचलत नाही आणि न उचललेल्या फोनवर मन सिनेमा काढतं. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. सोमवार टाळावा, बँकेत सोमवारी कुणाला कुणाचं भान नसतं. फोनवर ‘झालं का?’ विचारलं तर उत्तर ‘होऊन राहिलं’ येणारच. प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी फाईल कुणाच्या नावावर आहे, कुठला कागद कमी आहे, आणि पुन्हा कोणत्या तारखेला विचारू, एवढंच विचारावं आणि उत्तर एका वहीत तारखेसह लिहावं. फ्रिजच्या दारावर कागद लावला तर उत्तम, कारण घरातला दुसरा माणूसही तेच विचारत असतो आणि सांगून सांगून आपणच वैतागतो.

नातेवाइकांना आधी सांगू नये. चिवडा खाता खाता, “मग, रजिस्ट्री झाली का?” एवढंच विचारतात बिचारे, पण दर रविवारी विचारतात. राहत्या भाड्याच्या घराची नोटीस विक्रीपत्र झाल्याशिवाय देऊ नये. एक महिन्याचं जास्तीचं भाडं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त विमा आहे. मुलांच्या शाळेचं गणित मात्र बघावं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, तेव्हा मे संपेपर्यंत ताबा, अशी हाव धरून लोक स्वतःला दमवतात.

रिकाम्या हाताला सगळ्यात चांगलं काम म्हणजे त्या घराकडे अवेळी जाणं. सौदा करताना घर संध्याकाळी सहाला, दिवे लावून दाखवलेलं असतं. मे महिन्यात दुपारी चारला जावं. वरचा मजला असेल तर छताला हात लावायची गरज नाही, खोलीत शिरल्याबरोबर कळतं. पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवून बघावा. कूलर कुठं बसणार? नागपुरात हा प्रश्न देवघराच्या बरोबरीचा आहे. खिडकीबाहेर स्टँडला जागा हवी, जवळ पाण्याचा नळ आणि प्लगपॉइंट हवा, आणि कूलरचं गळतं पाणी खालच्यांच्या गॅलरीत जाऊ नये. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात शेजार तुटतो. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जावं, पार्किंगच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आहे ते बघावं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीकडचे लेआउट पाण्याखाली गेले, तेव्हापासून नागनदीच्या काठची चौकशी करताना शेजारी ते पाणी कुठवर चढलं होतं, हे आपणहून सांगतात. बोअरला एप्रिलअखेर पाणी असतं का, हे वॉचमनला विचारावं, मालकाला नव्हे. वीजबिल आणि घरपट्टीच्या पावत्या याच फेऱ्यांत मागून घ्याव्यात. घरपट्टीची बाकी मालमत्तेवर बसते आणि थकलेलं वीजबिलही नव्या मालकाच्या दारात येऊ शकतं.

कॅलेंडरचंही एक बळ असतं, ते धरूनच चालावं. पितृपक्षात रजिस्ट्रीला विक्रेताच येत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की निम्मं कार्यालय ड्युटीवर आणि “साहेब अधिवेशनात हायेत” हे उत्तर खरं असतं. निवडणूक लागली की पटवारी दिसत नाही. मार्चअखेर तर विचारूच नका. १ एप्रिलला नवे रेडी रेकनर येणार म्हणून सगळं शहर त्याच आठवड्यात रांगेत. त्या रांगेत ज्यांचं ब्लडप्रेशर वाढतं त्यांच्यासाठी : मुद्रांक भरून सह्या ३१ मार्चच्या आत झाल्या असतील तर दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येतो. चार महिन्यांची ही मुदत नोंदणी कायद्यातलीच आहे आणि ती वर्षभर लागू असते. तीही चुकली तर दंड भरून आणखी चार महिने मिळतात. म्हणून ‘सर्व्हर डाउन’ असा कागद दारावर दिसला तर रडू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत, ‘सर्व्हर डाउन घेऊन जा गे मारबत’ म्हणायला हरकत नाही, पण सौदा त्यानं बुडत नाही.

रजिस्ट्रीचा दिवस. बाहेरच्या टेबलावर डेटा एंट्रीवाला, त्याच्या प्रिंटरमधून गरम निघणारे कागद. इथं दहा मिनिटं कुणाचंही ऐकू नये, वाचावं. बोट ठेवून. नावाचं स्पेलिंग आधारसारखं आहे का, पॅनचा पाचवा आणि सहावा अक्षर-आकडा, मौजा, खसरा, शीट नंबर, फ्लॅट नंबर, मजला, चारही दिशा. इथं एक आकडा चुकला तर दुरुस्तीपत्रासाठी विक्रेत्याला पुन्हा आणावं लागतं, आणि पैसे मिळालेला विक्रेता पुन्हा आणणं म्हणजे काय, ते इथं सांगत नाही. आत गेल्यावर कॅमेरा, सही, अंगठा. विक्रेते सत्तरीचे काका असले की अंगठा उमटत नाही. कातडी गुळगुळीत झालेली असते. ऑपरेटर म्हणतो, “काका, अजून दाबा.” काका दाबतात. पुन्हा लाल. कुणीतरी ओला रुमाल देतं, बोट पुसून पुन्हा. मागच्या रांगेतले सगळे त्या एका अंगठ्याकडे बघत असतात. हिरवं झालं की खोलीतल्या अनोळखी लोकांनाही बरं वाटतं. काका अंथरुणाला खिळलेले असतील तर फी भरून गृहभेट मिळते, निबंधक घरी येतात. ते आधी अर्ज करून ठरवावं, त्या सकाळी नव्हे. दोन साक्षीदार स्वतःचे न्यावेत, मूळ ओळखपत्रांसह. कार्यालयाबाहेर भाड्यानं मिळणारे साक्षीदार पुढं कोर्टात ओळखत नाहीत.

चेक कुणी कधी हातात द्यायचा, यावर शेवटच्या अर्ध्या तासात तणातणी होते. सह्या-अंगठे झाल्यावर, पावती निघण्याआधी, टेबलावर. हे आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्यावं.

त्यानंतर जी मरगळ येते तिला काही कारण नसतं. तीन महिने ताणलेलं अंग सैल होतं एवढंच. त्याच आठवड्यात चार कामं असतात : मूळ विक्रीपत्र बँकेला जमा करून त्याची पोच घेणं, बँकेकडे कागद गहाण ठेवल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत ऑनलाइन नोंदवणं, जी लोक हमखास विसरतात, मीटर नावावर करायला महावितरणचा अर्ज आणि घरपट्टीला मनपाचा, आणि फेरफार. सातबाऱ्याच्या फेरफारात हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, म्हणून पंधराव्या दिवसाच्या आत पटवाऱ्याकडे चकरा मारण्यात अर्थ नाही.

ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो विक्रेत्यासमोर काढावा, तारखेसकट. ताबापत्रावर किती किल्ल्या दिल्या ते लिहावं. आणि कुलूपवाल्याला त्याच संध्याकाळी बोलवावं. इतक्या वर्षांत नेमक्या किती किल्ल्या कुणाकुणाला दिल्या, हे विक्रेत्यालाही आठवत नसतं.